आमच्या गावात बंगाली बोलणारे फेरीवाले राहायला आलेत. ते बांगलादेशी आहेत का, हे कसं ओळखायचं?

भाऊ, तुम्हाला ओळखता येणार नाही. मलाही येणार नाही. बोलण्यावरून तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात चादरी-गालिचे विकणारे काही जण भाड्याने राहतात, आपसात बंगाली बोलतात, विचारलं की आधार कार्ड पुढे करतात. आणि ग्रामसभेत ठराव घेऊन त्यांना काढायचं चाललंय. मी गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात सेतू केंद्र चालवतो. माझ्यासमोर तर रोजच बंगाली बोलणारी माणसं बसलेली असतात, सातबारा घेऊन. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना केंद्र सरकारने 1960च्या दशकात तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत जमिनी देऊन वसवलं. मुलचेऱ्याकडची सुंदरनगर, विवेकानंदपूर ही त्यांचीच गावं. त्यांची नातवंडं आज झाडीपट्टीची नाटकं पाहतात आणि धानाचे चुकारे अडकले की आमच्याचसारखी चिडतात. तरी नागपुरात खोली शोधायला गेली की घरमालक विचारतो, ‘बांगलादेशी का?’ यांचे आजे इकडे आले तेव्हा बांगलादेश नावाचा देशच नव्हता, तो 1971 साली झाला.   

आधार कार्डाचं म्हणाल तर ते नागरिकत्वाचा पुरावा नाहीच. 2016च्या आधार कायद्यातच तसं लिहिलंय. मागच्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. म्हणजे कार्ड खरं निघालं तरी तुमचा प्रश्न जागच्या जागीच.

नागरिकत्व बहुतेकांचं ठरतं जन्मावरून. 1 जुलै 1987च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचे आई-बाप पाहतात, दोघांपैकी एक तरी भारतीय लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून आणखी एक अट आली, की दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे सगळं येऊन अडतं ते जन्म कुठे आणि कधी झाला यावर. शिवाय आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच असतं. परदेशी नागरिकांबद्दलच्या 1946च्या कायद्यात ते होतं, 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे.

आता हाच न्याय आपल्या गावाला लावून बघा. तुमच्या आजीचा जन्म कुठे नोंदलाय? विदर्भात त्या काळच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत सापडतात. नक्कल काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षात चकरा माराव्या लागतात. पान सापडलं तर अर्धं वाळवीने खाल्लेलं, आणि नोंद काय, तर ‘अमक्याला मुलगी झाली’. मुलीचं नावच नाही. लग्नानंतर तिचं नाव, आडनाव, गाव सगळं बदललेलं. ती मुलगी म्हणजे हीच म्हातारी, हे कोणत्या कागदाने दाखवणार? माझ्याकडे येणाऱ्या गोंड-माडिया बाया दाईच्या हातून घरी जन्मल्या, त्यांची तर कुठे नोंदच नाही.

म्हणून उशिराच्या जन्मनोंदणीची वाट ठेवलेली आहे. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. वर्ष उलटलं की आदेश लागतो. पूर्वी तो न्यायदंडाधिकारी देत, 2023च्या दुरुस्तीनंतर ते काम महसूल अधिकाऱ्यांकडे आलं. त्याच वाटेने बांगलादेशींनी दाखले काढले असा आरोप झाला. मालेगाव गाजलं, आपल्याकडे अकोला आणि अंजनगाव सुर्जी गाजलं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने हे दाखले थांबवून विशेष तपास पथक नेमलं, मार्चमध्ये नियम कडक केले. बनावट कागद लावणाऱ्यावर गुन्हा व्हायलाच हवा, त्यात मला शंका नाही. पण दाखले थांबले तेव्हा माझ्या टेबलाशी जे ताटकळले ते इथलेच कास्तकार आणि मजूर होते.

बांगलादेशची सीमा 4,096 किलोमीटरची आहे. बऱ्याच ठिकाणी नदीच सीमा, तिथे कुंपण उभं राहत नाही. कुंपण हवंच, पण ते चुकवून आलेल्याला पुढे पोसतो तो इथे पैसे घेऊन कागद करून देणारा दलाल. कायदा सुधारायचाच तर आधी ग्रामपंचायतीची जन्मनोंद वही सुधारा, असं माझं मत आहे. घरी झालेलं प्रत्येक बाळंतपण आशाताईने तिथल्या तिथे नोंदवलं आणि कोतवाल बुकं वाळवीच्या आधी स्कॅन झाली, तर खरा-खोटा वेगळा करणं पुष्कळ सोपं होईल.

आता तुमच्या फेरीवाल्यांचं. नागरिकत्व आणि परदेशी नागरिक हे दोन्ही विषय केंद्राच्या सूचीत आहेत, ग्रामसभेच्या हातात नाहीत. भारतीय माणसाला देशात कुठेही राहायचा हक्क आहे, ठरावाने तो जात नाही. घरमालकाला सांगा, भाडेकरूंची नावं, मूळ पत्ता आणि कार्डाच्या प्रती पोलीस ठाण्यात दे. पोलीस पाटलालाही कळवा. ठाण्यातून त्यांच्या मूळ गावच्या ठाण्याकडे चौकशी जाते, उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांबा. घाई केली की काय होतं ते जून 2025 मध्ये दिसलं. मुंबईच्या बाजूला पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि भारतीय निघाले म्हणून त्यांना परत आणावं लागलं.

तोवर त्यांना मारहाण, सामान फेकणं असलं काही होऊ देऊ नका. आणि ठराव लिहायची वेळ आलीच, तर ‘चौकशी व्हावी’ एवढंच लिहून ठाण्याला पाठवा. ‘हद्दपार करावे’ असं लिहिलं तर उद्या उत्तर द्यायला सरपंच आणि ग्रामसेवकच उभे राहतील.