लॅपटॉप राहू द्या, लूप बघा

प्रश्न: मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने पायगेममध्ये (पायथन भाषेत गेम बनवायचं साधन) उसळणारा चेंडू केला, तर लॅपटॉपचा पंखा घरघरतो आणि टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी) सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 25 टक्के दिसतो. अभ्यास सोडून तेच घेऊन बसलाय. गणितात जेमतेम 58. पुतण्या पुण्यात आयटीत लागला आणि हा चेंडूच उडवतोय, असं मी त्याला रोज सुनावतो. कर्ज काढून गेमिंग लॅपटॉप घ्यावा की बँकेच्या परीक्षांच्या क्लासला घालावं? – एक पालक, मिरज

उत्तर: रोज सुनावता? मग तो घरात बोलतो तरी का? तुमच्या पत्रात पुतण्या आहे, मार्क आहेत, कर्ज आहे. मुलाला काय करायचंय, याची एक ओळ नाही. 58 मार्कांपेक्षा मला याची काळजी वाटते.

ग्राफिक्सला भारी मशीनच लागतं, हा समज आधी काढून टाका. चेंडू सलग सरकताना दिसायला सेकंदाला 60 चित्रं पुष्कळ झाली, म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद. चेंडू काढून यातला बराच वेळ उरतो आणि तेवढा वेळ प्रोसेसरने स्वस्थ बसायचं असतं. पण लूपला, म्हणजे प्रोग्रॅमच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाला, थांबायला सांगितलंच नसेल, तर तो जमेल तितक्या वेगाने चित्रं काढत सुटतो. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे भाग असतात, त्यांना कोर म्हणतात; चार कोरच्या प्रोसेसरचा एक कोर पूर्ण राबला की दिसतात 25 टक्के. महागडं मशीन आणलंत तर तेही राबेल, फक्त वाया जाणारी चित्रं वाढतील. बहुधा पायगेमच्या ‘क्लॉक.टिक’ला 60 देणारी, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांवर थांब असं सांगणारी, एक ओळ राहिली असेल. ती असेल, तर चुकून ‘टिक_बिझी_लूप’ वापरलंय का ते त्याने पाहावं. ते वेळ जास्त काटेकोर पाळतं, पण प्रोसेसरला बसू देत नाही.

असं मोठ्यांचंही होतं. 2017 मध्ये व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरचा नुसता लुकलुकणारा कर्सर 13 टक्के सीपीयू खातोय, अशी तक्रार आली होती. सेकंदाला दोनदा बदलणाऱ्या रेघेसाठी 60 वेळा चित्र काढलं जात होतं.

चेंडू उसळतोय म्हटल्यावर बहुतेक मुलं तिथेच थांबतात. तुमचा मुलगा टास्क मॅनेजर उघडून बसला. हे शिकवून येत नाही हो! गणित मात्र त्याला वाढवावंच लागेल, कारण पुढचं ग्राफिक्स म्हणजे त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्स. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो रस्ता तुम्हाला माहीत असेलच. आणि बँकेत पीओ किंवा क्लार्क व्हायला पदवी लागते; आज क्लास लावून करणार काय?

कर्ज काढू नका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, सोबत प्रोग्रॅमही पाठवू दे.