पोटातली एओर्टा फुगते तेव्हा: वाचकांचे प्रश्न

महिनाभर मेसेजेसमध्ये एकच गोंधळ दिसतोय, अ‍ॅन्युरिझम म्हणजे ट्यूमर. नाही हो. हृदयातून निघून पाठीच्या कण्यापुढून खाली उतरणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे एओर्टा, पोटात ती साधारण दोन सेंटीमीटर रुंद असते. भिंत कमजोर झाली की सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका जागी फुगते, तीन सेंटीमीटर झाली की आम्ही अ‍ॅन्युरिझम म्हणतो.

बाबा इंग्लंडमध्ये लेस्टरला भावाकडे असतात, यंदा 65 पूर्ण होतील. एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, या अ‍ॅन्युरिझमच्या स्क्रीनिंगचं (त्रास नसतानाच्या तपासणीचं) पत्र आलंय. त्यांना काहीच त्रास नाही, मग जायचं कशाला?

त्रास नसतो म्हणूनच तर बोलावतात, हा फुगा फुटेपर्यंत बहुतेकदा गप्प असतो आणि फुटला की दहातले आठ जण वाचत नाहीत. इंग्लंडमध्ये 2009 पासून हे सुरू झालं, 2013 पर्यंत देशभर पोचलं. जेल लावून दहा मिनिटांची सोनोग्राफी, बास. तीन सेंटीमीटरच्या आत असेल तर पुन्हा बोलावत नाहीत, 3 ते 4.4 असेल तर वर्षाने, 4.5 ते 5.4 ला दर तीन महिन्यांनी, 5.5 आणि पुढे व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे. याच्यामागे 2002 ला छापलेली मोठी ट्रायल (लोकांवर केलेला अभ्यास) आहे, 65 ते 74 वयाचे 67 हजारांवर पुरुष होते, आणि ज्यांना तपासणीला बोलावलं त्यांच्यात चार वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू 42 टक्क्यांनी कमी झाले. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हा कमी सापडतो हे खरंय, पण तेवढ्यावरून पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका. शंका असेल तर जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) विचारा, पण जा.

मग आईला का नाही बोलावलं?

बायकांमध्ये खूप कमी होतो म्हणून. सिगारेट ओढत असतील किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला झाला असेल तर डॉक्टरांशी बोला.

मी पुण्यात, वय 48, कधी सिगारेट ओढली नाही. चेकअप पॅकेजमध्ये एओर्टाची सीटी अँजिओग्राफी डिस्काउंटमध्ये देतायत, करून घेऊ?

नको. शोधायला साधी सोनोग्राफी पुरते, सीटी लागते ती ऑपरेशनची आखणी करताना, आणि त्यातलं रेडिएशन आणि किडनीवर ताण देणारं कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) डिस्काउंटमध्ये कमी होत नाही. अमेरिकेतली सल्लागार समितीसुद्धा कधीतरी धूम्रपान केलेल्या 65 ते 75 च्या पुरुषांनाच सरसकट एकदा सोनोग्राफी करा म्हणते. भारतात सरकारी स्क्रीनिंग नाही, ती पोकळी पॅकेजवाले भरतायत. वडिलांना किंवा भावाला होता का, तेवढं फॅमिली डॉक्टरांना सांगा.

वडील 71, चाळीस वर्षं बिडी. सहा महिन्यांपूर्वी प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये मध्येच एओर्टा 4.9 सेमी असं लिहिलंय. कुणी काही बोललं नाही. दुर्लक्ष करायचं का?

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं, तुमच्यावर नाही. प्रोस्टेटची सोनोग्राफी म्हणजे सगळ्यांचे डोळे प्रोस्टेटवर, खाली इम्प्रेशनमध्येही (रिपोर्टच्या शेवटच्या निष्कर्षात) फक्त प्रोस्टेट, आणि खरा धोका वर पाचव्या ओळीत. माझ्याकडे एक आजोबा आले होते, मेडिकलच्या प्लॅस्टिक पिशवीत तीन वर्षांचे तीन रिपोर्ट, सगळे मुतखड्यासाठी काढलेले: 4.1, मग 4.8, मग 5.6. तिन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा मुलगा म्हणाला, अरे हे तर वाढतंय. तीन वर्षांत कुणी शेजारी ठेवलेच नव्हते!

तर जुने-नवे सगळे रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा. इंग्लंडच्या हिशोबाने एव्हाना दोनदा मोजून झालं असतं. घाबरू नका, 4.9 ला पुरुषांमध्ये सहसा ऑपरेशन करत नाहीत, 5.5 च्या आत घाई करून जास्त लोक वाचत नाहीत हे ट्रायल्समध्ये दिसलंय. पण लक्ष ठेवणं म्हणजे रिपोर्ट कपाटात ठेवणं नव्हे. बिडी आजपासून बंद, बीपी ताब्यात, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) लागेल का ते डॉक्टर ठरवतील. आणि प्रोस्टेटवाल्यांना लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स सर्रास देतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) डिसेंबर 2018 मध्ये सांगितलंय की अ‍ॅन्युरिझम असेल तर दुसरा पर्याय असताना हे टाळा. म्हणून प्रत्येक डॉक्टरला, दाताच्यासुद्धा, आधी 4.9 हा आकडा सांगायचा. अचानक पोटात किंवा कमरेत जोरात दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर खडा असेल म्हणून इंजेक्शन घेऊन घरी झोपायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. फुटलेला अ‍ॅन्युरिझम मुतखडा समजून परत पाठवल्याच्या केसेस आम्ही सगळ्यांनी पाहिल्यात.

लसणाचं पाणी रोज प्यायलं तर फुगा आकसतो, असा मेसेज आलाय.

नाही आकसत. आकसवणारी गोळीसुद्धा अजून नाही.

सासऱ्यांना 3.4 सेमी आहे. तेव्हापासून घाबरून फिरायला जाणंच सोडलंय.

फिरू द्या की! फक्त जड उचलणं, दम कोंडून जोर लावणं याबद्दल त्यांच्या सर्जनला विचारून घ्या.

सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं का?

इंग्लंडच्या स्क्रीनिंगला नाही, खाऊनपिऊन जा म्हणतात. आपल्याकडे बरीच सेंटर्स सहा तास उपाशी बोलावतात, गॅसमुळे एओर्टा झाकली जाते म्हणून, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. डायबेटिस असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, आणि गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून.