पोलवर चढायच्या आधी पायथा बघ

नवीन जॉइन झालायस ना, मग एक लक्षात ठेव, विजेचा पोल वरून कितीही ठणठणीत दिसू दे, सडतो तो जमिनीच्या लेव्हललाच, कारण तिथं ओल पण असते आणि हवा पण. लाकडी असो नाहीतर लोखंडी, हे दोघांनाही लागू.

आपल्या पेठांमधे तर अजून अवघड, रस्ता दरवेळी उंच होतो, फुटपाथवर ब्लॉक बसवतात आणि गंजलेला भाग खाली गाडला जातो. म्हणून ब्लॉक काढून हात-दीड हात खणून बघायचंच, नुसतं वरून बघून रिपोर्ट अजिबात लिहू नको. हातोडीनं सगळ्या बाजूंनी ठोकत जा. लाकडी पोल चांगला असेल तर टणटण वाजतो, आतून पोखरला असेल तर बद्द आवाज येतो, मग बारीक ड्रिल मारून आतलं लाकूड किती शाबूत आहे ते बघायचं. लोखंडाचे पापुद्रे सुटत असतील तर रंग मारून काही होत नाही रे, बदलायलाच सांग.

बदलताना शक्यतो नवीन शेजारी उभा करायचा, साधारण लांबीच्या सहाव्या भागाइतका जमिनीत, मग तारा शिफ्ट. जुन्याला आधी दोर बांध, एका बाजूची तार सुटली की ताण बिघडतो आणि कुजलेला पोल तिथंच मोडू शकतो. आणि परमिट (लाइन बंद केल्याची लेखी परवानगी), टेस्टरनं करंट नाही याची खात्री, आणि कामाच्या दोन्हीकडून अर्थिंग, म्हणजे तारा जमिनीला जोडणं, एवढं झाल्याशिवाय तारेला हात नाही, साहेब कितीही घाई करू देत.