भाकरी चिरते, डाळ शिजत नाही

स्वयंपाकघरातल्या अडचणींबद्दल आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं लागतील तेवढी.

प्रश्न: गिरणीतून जोंधळ्याचं पीठ आणलं की पहिले आठ-दहा दिवस भाकरी मऊ होते. पुढं कडा चिरतात, थापतानाच तुकडा पडतो आणि तव्यावर फुगत तर नाहीच. घरात सगळे म्हणतात, तुझा हात अजून बसला नाही. (अथणी)

उत्तर: पहिले दहा दिवस बसलेला हात अकराव्या दिवशी उठत नाही. पीठ विरी गेलंय, म्हणजे त्याची चिकटाई गेलीय. जोंधळ्यात गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो. पिठाला जी काही चिकटाई येते ती पाण्यात फुगलेल्या स्टार्चमुळं, आणि पीठ जुनं झालं की ती कमी होत जाते. म्हणून महिन्याचं दळण एकदम आणू नका. चार माणसांच्या घरात दर दहा दिवसांनी तीन-चार किलो बरं. दळताना बारीक दळायला सांगा. पीठ गिरणीतून गरम येतं, ते परातीत पसरून पूर्ण गार करा आणि मगच डब्यात भरा. गरम पिठाला झाकण लावलं की आत वाफ धरते आणि विरी लवकर जाते. रब्बीच्या शाळूचं पीठ मिळालं तर हायब्रीडपेक्षा तेच घ्या; भाकरी पांढरी होते आणि थापायला सोपी जाते.

घरात जुनं पीठ शिल्लक असेल तर फेकू नका, उकड काढा. दोन वाट्या पिठाला सव्वा ते दीड वाटी पाणी लागतं. पाणी मीठ घालून खळखळून उकळा, गॅस बंद करून पीठ सोडा, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा आणि सात-आठ मिनिटं झाकून ठेवा. उकळत्या पाण्यानं काही स्टार्च तिथंच शिजतो आणि गेलेली चिकटाई बरीच परत येते. पाणी नुसतं कोमट असेल तर हे होत नाही, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथंच. पुढं हात ओला करत, उकड गरम आहे तोवर तळहाताच्या टाचेनं मळा. सगळं एकदम मळून ठेवायचं नाही. एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा आणि दोन-तीन मिनिटं रगडायचा. गोळा बोटानं दाबल्यावर कडेला भेग दिसली तर चमचाभर पाणी घालून पुन्हा मळा. तेव्हा दिसलेली भेग थापताना मोठीच होणार.

आता फुगण्याचं. भाकरी तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर ठेवा आणि तिच्यावर लगेच हातानं पाणी फिरवा, अगदी कडेपर्यंत. हे पाणी पूर्ण वाळू द्यायचं नाही. वरची चकाकी गेली पण हाताला ओल लागतेय, एवढ्यात उलटायचं. उशीर झाला की वरचा पापुद्रा वाळून तडकतो आणि वाफ त्या फटीतून निघून जाते. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजली, तपकिरी ठिपके आले, की तवा बाजूला करून पहिली बाजू आचेवर धरा. तवा थंड असेल तर भाकरी चिकटते. फार तापला तर फोड येतात आणि आत कच्ची राहते. पाण्याचे चार थेंब टाकून बघा: चुर्रकन उडाले तर तवा तयार, नुसते सावकाश उकळत बसले तर अजून थांबा. याउपर एखाद्या भाकरीला नख लागून भोक पडलं तर ती फुगणार नाही. ती मुलाला तूप-गूळ घालून कुस्करून द्या.

प्रश्न: आमच्याकडं बोअरचं पाणी. तूरडाळ सहा शिट्ट्या केल्या तरी दाणा दाणा राहते. शेजारच्या काकूंचं म्हणणं, बेळगाव उंचावर आहे म्हणून. अंबाडीच्या भाजीत तर डाळ खडेच राहतात. (बेळगाव)

उत्तर: उंचीला फार दोष देऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळं उघड्या पातेल्यात पाणी १०० ऐवजी साधारण ९७-९८ अंशांना उकळतं. पातेल्यात डाळीला थोडा वेळ जास्त लागेल एवढंच. कुकरमध्ये दाब असल्यानं हा फरक जवळजवळ उरत नाही. तुमची अडचण पाण्याची आहे. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, मग दाणा फुटत नाही.

डाळ भिजवायला आणि शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. धुवायला बोअरचं चालेल. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बोअरचं पाणी रात्री दहा मिनिटं उकळून ठेवा आणि सकाळी वरचं निवळ तेवढं ओतून घ्या. जडपणाचा काही भाग तळाशी बसलेला असतो. डाळ अर्धा तास भिजवा. एवढं करूनही नाही जमलं तर वाटीभर डाळीला चिमूटभर खायचा सोडा, त्याहून जास्त नको. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ब १ जीवनसत्त्वही जातं. दुकानात वर्षभर पडून राहिलेली डाळ मात्र कशानंच मऊ होत नाही.

अंबाडीचं कारण वेगळं. आंबटपणातही डाळ शिजत नाही, म्हणून चिंच, कोकम, टोमॅटो, अंबाडी हे सगळं डाळ शिजल्यावर घालायचं. पुंडी म्हणा की अंबाडी, पानं वेगळी उकडून पिळून घ्या, आंबट पाणी थोडं बाजूला ठेवा. एका जुडीला अर्धी वाटी तूरडाळ, दोन मोठे चमचे तांदळाच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे, हे सगळं कुकरमध्ये आधी शिजवून घ्या. मग पाला घालून घोटा, आंबट कमी वाटलं तर ठेवलेलं पाणी घाला. वरून दहा-बारा लसूण पाकळ्या आणि सुक्या मिरचीची फोडणी, तेलाला हात आखडू नका. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ही भाजी करू नका, आंबटानं धातू उतरतो.

प्रश्न: दोघंही नोकरीला. सात वाजता घरी येतो, आठला मुलांना जेवायला हवं. वरण-भातापलीकडं काय करावं? (निपाणी)

उत्तर: अख्खा मसूर. भिजवावा लागत नाही, हाच त्याचा मोठेपणा. घरात शिरल्याबरोबर, कपडे बदलायच्या आधी, एक वाटी मसूर धुऊन तीन वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून आठ मिनिटं, मग आपोआप वाफ जाऊ द्या. तेवढ्या वेळात दोन कांदे चिरून दोन मोठे चमचे तेलात नीट तांबूस परता. आलं-लसूण, दोन चिरलेले टोमॅटो, दोन लहान चमचे कांदा-लसूण चटणी. आपल्याकडं चटणी म्हणजे घरचा लाल मसाला, हे बाहेरून आलेल्या वाचकांसाठी. तेल सुटलं की शिजलेला मसूर पाण्यासकट ओता, मीठ घाला आणि पाच मिनिटं उकळा. चमच्यानं थोडे दाणे दाबले की रस्सा दाट होतो. भात दुसऱ्या शेगडीवर लावा, आणि भाकरीचा कंटाळा आला असेल तर पाव आणा. मुलांसाठी चटणी अर्धी करा, मोठ्यांना बाजूला ठेचा.

रविवारी चार कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, कमीत कमी पाण्यात वाटून फ्रीजमध्ये ठेवलं तर चार दिवस रोज वीस मिनिटं वाचतात.

प्रश्न: शेंगदाण्याची चटणी मिक्सरमधून गोळा होऊनच निघते. खलबत्ताच घ्यावा का? (खानापूर)

उत्तर: असेल तर काढा, लाईट गेल्यावरही उपयोगी पडतो. पण मिक्सरनंही जमतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. मिक्सर सलग फिरला की पात्यानं दाणे गरम होतात, तेल सुटतं आणि गोळा होतो. दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा आणि पूर्ण गार करून सालं काढा. दोन वाट्या दाण्यांना दहा पाकळ्या लसूण, एक चमचा जिरं, मीठ आणि दोन चमचे लाल तिखट आधी एकट्यानं फिरवून घ्या. मगच दाणे घाला आणि दोन-दोन सेकंदांचे चार-पाच झटके द्या, मध्ये चमच्यानं हलवा. तिखटात बॅडगी रंगाला आणि थोडी संकेश्वरी जोराला. नुसत्या संकेश्वरीची केलीत तर पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात लोखंडी तवा गंजतो, आणि त्याच्यावर डोसा चिकटतो. (चंदगड रस्ता, बेळगाव)

उत्तर: तवे दोन ठेवा. भाकरी-चपातीच्या तव्यावर सुकं पीठ जळतं आणि तेलाचा बसलेला थर निघून जातो, म्हणून डोसा धरतो. डोशाचा तवा घासणीनं घासू नका. कोमट पाण्यानं धुवा, लगेच गॅसवर वाळवा, गरम असतानाच तेलाचं बोट फिरवून जुन्या सुती कापडानं पुसा. तेल दिसायला नको, नुसती झाक राहिली पाहिजे. जाड थर चिकट होतो. गंज आलाच असेल तर जाड मिठानं आणि काथ्यानं घासून काढा, धुऊन वाळवा, मग पातळ तेल लावून धूर येईपर्यंत तापवा आणि गार करा. असं तीनदा. तव्याला टेकून ओली भांडी ठेवू नका, जुलैत एका रात्रीत डाग पडतो.

प्रश्न: कुकरला शिट्टी येत नाही, बाजूनं वाफ जाते. (चिकोडी)

उत्तर: रबर कडक झालंय, बदला, त्याच कंपनीचं आणि त्याच मापाचं घ्या. तरीही वाफ गेली तर झाकणाची कड वाकली आहे का बघा. शिट्टीखालची नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का तेही रोज बघा, डाळीचा फेस तिथंच अडकतो. डाळ-पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर कंपनीचाच नवा बसवा. तिथं खिळा किंवा एम-सील लावून काम भागवणारे असतात, त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहू नका.