नव्या रोलर कोस्टरसाठी तिकीट काढण्याआधी
अरे, नव्या रोलर कोस्टरच्या जाहिरातीचं अ‍ॅनिमेशन बघून हुरळू नकोस. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट या पार्कचं ‘टॉप थ्रिल २’ बघ. ४२० फुटी मनोरा जुनाच, पण गाडी वेगाने पुढे फेकायला (लाँच) हायड्रॉलिकऐवजी चुंबकी यंत्रणा आणि गाड्या कोऱ्या करकरीत. मे २०२४ मध्ये सुरू झालं आणि साधारण आठवड्याभरातच गाड्यांमधल्या यांत्रिक अडचणीमुळे बंद. परत धावलं ते थेट २०२५ मध्ये. म्हणून नव्या मॉडेलच्या पहिल्या सीझनसाठी विमानाचं तिकीट काढायचं नाही, हे माझं ठाम मत.

तोवर खोपोलीला इमॅजिकात ‘नायट्रो’ या कोस्टरवर बस. निघताना पायाखालची फळी खरोखरच सरकते, पाय लोंबकळतात. आधी मधली रांग घे, मग शेवटची. उतारावर मागची सीट कशी खेचली जाते, ते अंगात मुरू दे.