'स्वराज्यरक्षक संभाजी'मधल्या सोयराबाई आणि अनाजी दत्तो खरंच इतके वाईट होते का?

तुम्ही विचारलंय की मालिका बघताना सोयराबाई आणि अनाजी दत्तो पडद्यावर आले की डोक्यात तिडीक जाते, तर ती माणसं खरीच तशी होती की मालिकेने त्यांना काळं फासलं? आणि आम्हा बाकीच्या प्रेक्षकांना त्यांच्याबद्दल काय वाटलं?

मला वाटतं, त्यांनी केलं ते वाईटच होतं. पण ती वाईट माणसं होती म्हणून त्यांनी ते केलं, हे काही पटत नाही. मालिकेत हा फरक कधी दिसतो, कधी पार्श्वसंगीताच्या दणक्यात आणि तीन-तीन वेळा जवळ येणाऱ्या चेहऱ्यात वाहून जातो. स्नेहलता वसईकर आणि महेश कोकाटे यांनी काम मात्र असं केलंय की आवाज बंद करून बघितलं तरी त्या दोघांच्या मनात काय चाललंय ते कळतं.

सोयराबाईंचं घ्या. ६ जून १६७४ ला राज्याभिषेकात महाराजांशेजारी पट्टराणी म्हणून त्या बसल्या. त्याच सोहळ्यात संभाजीराजे युवराज म्हणून होते. म्हणजे 'मी पट्टराणी, माझा मुलगा वारस' हा सोयराबाईंचा हट्ट आणि 'थोरला मुलगा, युवराज' हा शंभूराजांचा हक्क, दोन्ही त्या एकाच दिवसाचं नाव घेऊन उभे राहतात. पुढे ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले तेव्हा राजाराम दहा वर्षांचे होते, नुकतंच लग्न झालेलं पोर. आणि संभाजीराजे पन्हाळ्यावर, चारच महिन्यांपूर्वी मोगलांच्या छावणीतून परत आलेले.

हे शेवटचं आपण फार पटकन विसरतो. १६७८ च्या डिसेंबरात ते मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले. त्यामागे काय होतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण १६७९ मध्ये स्वराज्यातला भूपाळगड पडला तेव्हा किल्ल्यासमोरच्या फौजेत स्वतः युवराज होते, आणि खानाने पकडलेल्या सातशे माणसांचा एकेक हात तोडला, हे रायगडावर सगळ्यांना माहीत होतं. त्याच वर्षाअखेर राजे खानाला सोडून परत आले, वडिलांची भेट झाली, समेट झाला. बापाने मुलाला पोटाशी घेतलं, पण दरबारातल्या माणसांनी का घ्यावं? एखाद्या सचिवाला 'हा राजा झाला तर आपलं काय' ही भीती वाटली असेल, तर ती कारस्थानी माणसाचीच भीती म्हणायची का? मला दिलेरखानाच्या गोटातले शंभूराजे हेच या सगळ्या कथेतलं सर्वात अवघड पात्र वाटतं. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल.

अनाजींवर मात्र थोडं थांबतो, कारण मालिका बघून अनेकांच्या डोक्यात 'कान भरणारा कारकून' एवढंच राहतं. हा माणूस अष्टप्रधानांतला सचिव. १६७३ मध्ये पन्हाळा परत घ्यायच्या मोहिमेची आखणी त्याच्याकडे होती. कोंडाजी फर्जंद साठेक माणसं घेऊन रात्री चढला ती हीच मोहीम. पुढे कोकणातली जमीन मोजून सारा ठरवायचं किचकट कामही अनाजींनीच केलं. आता १६८० चा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. राजारामांना गादीवर बसवायचं म्हणून पेशवे मोरोपंत आणि अनाजी संभाजीराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघालेत. वाटेत कराडजवळ सरसेनापती हंबीरराव मोहिते या दोघांनाच पकडतात आणि पन्हाळ्यावर आणून राजांसमोर उभे करतात. सात वर्षांपूर्वी जो गड स्वराज्यात आणायला आपण राबलो, त्याच गडाच्या दरवाजातून अनाजी कैदी म्हणून आत शिरतायत. यावर एक अख्खा भाग करता आला असता, संवादांशिवाय.

आणि हंबीरराव? ते सोयराबाईंचे सख्खे भाऊ. राजाराम त्यांचा भाचा. भाचा गादीवर बसला तर मामाच्या हातात राज्य, हे सांगायला ज्योतिषी नको. तरी ते शंभूराजांच्या बाजूने गेले. आमच्याकडे मालिका सुरू असताना वाद व्हायचा तो सोयराबाईंवरून, पण घरातले सगळे गप्प होऊन बघायचे ते बहीण-भाऊ समोरासमोर आले की. अनिल गवस यांनी हंबीरराव असे उभे केले की त्या माणसाला हा निर्णय सोपा गेला असं क्षणभरही वाटत नाही. पुढे त्यांची मुलगी ताराबाई याच राजारामांची राणी झाली. भाच्याला गादी नाकारली आणि नंतर जावई करून घेतलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या कटाला जातीचा रंग देऊन भांडणारे बरेच भेटतात. त्यांनी नावं नीट वाचावीत. कटात अनाजी आहेत तसे हिरोजी फर्जंद आहेत, बाळाजी आवजी चिटणीस आहेत आणि मोहित्यांची लेक आहे. राजांच्या बाजूला मोहित्यांचाच मुलगा आहे आणि उत्तरेतून आलेला कवी कलश आहे. जातीने हिशेब लावायला गेलात तर पहिल्याच ओळीत चुकतो.

पहिला कट फसल्यावर संभाजीराजांनी अनाजींना माफ केलं आणि परत कारभारात मुजुमदारीची, म्हणजे हिशेब बघायची जागा दिली, हे मालिका बघताना अनेकांना खोटं वाटतं. खोटं नाही ते. सोयराबाईंबद्दलही तसंच. १६८० च्या ऑगस्टमधल्या एका संस्कृत दानपत्रात राजांनी या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचं म्हटलंय. ते मनापासून होतं की मुत्सद्देगिरी होती, कोण सांगणार! पण राजांनी रायगडावर येताच त्यांना भिंतीत चिणून मारलं ही जुनी बखरीतली गोष्ट त्यामुळे टिकत नाही. त्या वारल्या १६८१ च्या ऑक्टोबरात. त्याआधी दुसरा कट झाला, विषप्रयोगाचा डाव झाला, औरंगजेबाच्या बंडखोर मुलाला, अकबराला, पत्र गेलं आणि ते राजांच्या हाती लागलं. मग मात्र माफी नव्हती. अनाजी, हिरोजी, बाळाजी आवजी, सगळ्यांना देहदंड.

अनाजींना दुसऱ्यांदा काय सुचलं असेल, यावर माझं उत्तर एवढंच की ज्याने दिलेली माफी रोज दरबारात आठवते, त्याच्यासमोर मान खाली घालून काम करणं काहींना कैदेहून जड जातं. मालिकेत हे महेश कोकाटेंच्या नजरेत दिसतं, लिखाणात कमी.

माझं आवडतं पात्र तुमच्या प्रश्नात नाहीच. बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ. बापाला राजाच्या हुकुमाने मारलं आणि पोरगा त्याच राजाच्या चाकरीत राहिला, नुसता राहिला नाही तर निष्ठेने राहिला. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजारामांना बाहेर काढताना त्याने मोगलांच्या बाजूला असलेल्या शिर्क्यांना आपलं वतन देऊन टाकलं असं सांगतात. आणि गंमत बघा, संभाजीराजांना बदनाम करणारी जी बखर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली, तिचा लेखक मल्हार रामराव चिटणीस याच घराण्यातला. पोराने गिळलेला राग पुढच्या पिढ्यांनी कागदावर ओकला की काय, असं मला नेहमी वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

येसूबाईंबद्दल थोडी तक्रार आहे. प्राजक्ता गायकवाड यांनी काम छान केलंय, पण मालिका संभाजीराजांच्या बलिदानाशी थांबते आणि येसूबाईंचा सर्वात कठीण निर्णय त्यानंतरचा आहे. नवरा गेलाय, रायगडाभोवती मोगलांचा वेढा पडतोय, मांडीवर सहा-सात वर्षांचा शाहू. नवरा कैदेत असतानाच त्यांनी गादीवर आपल्या मुलाला नाही, राजारामांना बसवलं होतं; आता अशा वेळी त्यांना गडाबाहेर काढलं आणि स्वतः शाहूसह मागे थांबल्या. गड पडल्यावर कैद झाली ती १७१९ पर्यंत. ज्या राजारामांसाठी सोयराबाईंनी दोनदा कट केले, त्यांना अखेर गादी दिली ती त्यांच्या सवतीच्या सुनेने. तुम्ही मालिका पुन्हा बघणार असाल तर हे डोक्यात ठेवून सोयराबाईंचे प्रसंग बघा. राग येईलच, पण तो तिडीक जाण्याचा राग नसेल.