मदरबोर्ड निवडताना आधी काय पाहावे

डीडीआर४ रॅम हाताशी आहे, प्रोसेसर अजून घ्यायचा आहे, तर मदरबोर्ड कोणता घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. प्रोसेसर अजून घेतलेला नाही हे बरे झाले, कारण मदरबोर्डची निवड प्रोसेसर आणि त्याच्या सॉकेटपासूनच, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसण्याच्या जागेपासूनच, सुरू होते. एएमडीचे २०२२ साली आलेले एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम स्वीकारते. तुमच्याकडील डीडीआर४ रॅम वापरायची असेल, तर एएमडीच्याच आधीच्या एएम४ किंवा इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा डीडीआर४ बोर्ड पाहावा. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोर लावूनही एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएम भागाकडे मी सर्वांत आधी पाहतो. त्यावर उष्णता शोषून बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक स्क्रूने घट्ट बसवलेला असावा; उघडा व्हीआरएम तापला की प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. रंगीत दिव्यांसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते इथे घालावेत.

मी स्वतः एकदा बी४५० या एएम४ बोर्डावर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवला आणि पडदा काळाच राहिला. बोर्डातील बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, जुना होता, आणि तो अद्ययावत करण्यासाठी मित्राचा जुना प्रोसेसर मागून आणावा लागला. म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसर यादीत बायोसची आवृत्ती तपासून घ्यावी.

वापरलेला बोर्ड घेणार असाल, तर इंटेल सॉकेटमधील पिना मोबाइलच्या उजेडात तिरप्या नजरेने पाहाव्यात, आणि पक्के बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.